अज्ञान मालक आणि वाट पाहणारे कूळ



कूळकायद्याची प्रकरणे लढवण्यात हयात घालवलेल्या एका वकिलाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते. तेव्हा विषय जमिनीचाच असावा, हे माझ्या मनात पहिल्यापासून होते. आज मी त्यातल्या एका अवघड जागेविषयी बोलणार आहे. जमिनीचा मालक लहान मूल असेल आणि त्याच सुमारास त्या जमिनीवर राबणाऱ्या कुळाला हक्क देणारा कायदा आला, तर राज्यकर्त्याने काय करावे? बाप गेलेल्या पोराची मिळकत राखणे हे तर राज्यकर्त्याचे जुने कर्तव्य. कसणाऱ्याला जमिनीवर स्थिर करणे हेही त्याचेच काम. ही दोन्ही कर्तव्ये एकाच शेतात समोरासमोर आली की कोणाला थांबायला सांगायचे? इंग्रजी अमदानीत हा प्रश्न बंगालपासून मुंबई इलाख्यापर्यंत पुन्हा पुन्हा उभा राहिला. त्याचे जे उत्तर तेव्हा दिले गेले त्याची किंमत आपल्याकडची कुळे परवापरवापर्यंत मोजत होती. म्हणून हा केवळ इतिहासाचा विषय नाही.

अज्ञान मुलाच्या धनाचे रक्षण ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नव्हे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात मुलगा वयात येईपर्यंत त्याचा वारसा राजाने राखावा असे सांगितले आहे. बालकाचे धन दुसऱ्याने कितीही वर्षे वापरले तरी ते त्याचे होत नाही, असेही तिथेच म्हटले आहे. कौटिल्याने ही जबाबदारी गावच्या वृद्धांवर टाकली. मूल व्यवहाराला लायक होईपर्यंत त्यांनी ते धन राखायचेच, शिवाय वाढवायचेही. मराठेशाहीत तर अख्खे राज्यच एका तान्ह्या मुलाच्या नावाने चालले. १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावासाठी बारभाईंनी कारभार हाती घेतला, तो याच न्यायाने.

इंग्रजांनी या जुन्या कर्तव्याला दफ्तर, नियम आणि खाते दिले. त्यामागचे कारण मात्र वेगळे होते. १७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगाल-बिहारात कायमधारा बांधून दिला. जमीनदाराने ठरलेल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी सारा भरला नाही तर इस्टेट लिलावात निघायची. कर्त्या पुरुषालाही हा फास सांभाळणे जड जात होते, मग चार वर्षांच्या मुलाच्या किंवा पडद्यातल्या विधवेच्या हाती इस्टेट आली तर काय होणार? आप्त, कारभारी आणि सावकार मिळून ती वर्षभरात बुडवणार. इस्टेट बुडाली की सरकारी साऱ्याची शाश्वतीही बुडाली. त्यामुळे त्याच वर्षीच्या दहाव्या रेग्युलेशनने कोर्ट ऑफ वॉर्ड्सची व्यवस्था पक्की झाली. नावात कोर्ट असले तरी ते न्यायालय नव्हते. बोर्ड ऑफ रेव्हेन्यू, म्हणजे महसूल खातेच, अज्ञान, विधवा आणि वेडसर मालकांच्या इस्टेटीचे पालक बनले. कलेक्टर त्यांचा हस्तक झाला आणि इस्टेटीवर सरकारने नेमलेला मॅनेजर बसला. पालकत्वाच्या काळात थकलेल्या साऱ्यासाठी मुलाची इस्टेट लिलावात काढायची नाही, असे संरक्षणही पुढे मिळाले.

याच काळात रयतेच्या वाट्याला काय आले, तेही याच्या शेजारी ठेवून पाहिले पाहिजे. १७९९ च्या सातव्या रेग्युलेशनने जमीनदाराला थकबाकीदार रयतेचे पीक आणि चीजवस्तू जप्त करण्याचे मोठे अधिकार दिले. मालकाच्या मुलाला ढाल मिळाली ती १७९३ मध्ये. रयतेला हक्क देणारा पहिला महत्त्वाचा कायदा यायला १८५९ साल उजाडले. मधली ६६ वर्षे संरक्षण एकाच बाजूला होते.

पुढे या व्यवस्थेचे जाळे देशभर पसरले. मुंबई इलाख्यात बहुतेक मुलूख रयतवारीचा, पण इथेही इनामदार, जहागीरदार, कोकणातले खोत आणि गुजरातेतले तालुकदार होते. इथे १८६४ चा विसावा कायदा आला. त्याखाली जिल्हा कोर्ट अज्ञान मुलाला पालक नेमून देई आणि जमिनीची इस्टेट असेल तर ती कलेक्टरच्या ताब्यात देता येई. मुंबईचा स्वतंत्र कोर्ट ऑफ वॉर्ड्स कायदा १९०५ मध्ये झाला. मालगुजारी पद्धत असलेल्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या नागपूर, भंडारा, चांदा या भागांत, असा कायदा १८९९ मध्ये लागू झाला. १८७५ च्या कायद्याने सज्ञान होण्याचे वय १८ ठरवले. मात्र कोर्टाने पालक नेमला असेल किंवा इस्टेट कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे असेल तर ते २१ धरायचे होते. पुढे १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याने पालकत्वाचे विखुरलेले नियम एकत्र आणले. वयाची ही तीन वर्षांची वाढ लक्षात ठेवा. मुलाच्या दृष्टीने ती तीन वर्षे सुरक्षिततेची होती. पण त्याची जमीन कसणाऱ्याचा एखादा हक्क त्या वयाला बांधला गेला, की तीच तीन वर्षे कुळाच्या डोक्यावर टांगती राहत.

अज्ञान मुलाला खरा धोका कोणापासून असतो? कुळापासून क्वचितच. तो असतो घरातल्या माणसांपासून आणि घरातल्या माणसांना पैसे देणाऱ्यांपासून. या बाबतीत इंग्रजी अमदानीतल्या न्यायालयांनी मोलाचे काम केले, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. १८५६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने हनुमानप्रसाद पांडे विरुद्ध बबुई मनराज कुंवरी या दाव्यात जो निकाल दिला, तो आपल्या वकिलांना आजही तोंडपाठ असतो. प्रकरण गोरखपूरकडचे. राणी दिगंबर कुंवर हिने आपल्या अज्ञान मुलाची इस्टेट चालवत असताना गावे गहाण टाकून कर्ज काढले. पुढे मुलाच्या बाजूने त्या गहाणखतालाच हरकत घेतली गेली. आईने केलेले गहाण मुलावर बांधील आहे की नाही, असा सवाल होता.

न्यायाधीशांनी सांगितलेले सूत्र असे. अज्ञानाच्या मिळकतीवर बोजा चढवण्याचा पालकाचा अधिकार मर्यादित आहे. इस्टेटीवर खरोखर संकट असेल, ते टाळणे गरजेचे असेल किंवा इस्टेटीचे हित साधत असेल, तरच तो वापरता येतो. शहाणा मालक स्वतःच्या मिळकतीसाठी जे करील तेवढेच पालकाने करावे. कर्ज देणाऱ्यानेही डोळे मिटून पैसे देऊन चालत नाही. गरज खरी आहे का, याची त्याने चौकशी केली पाहिजे. त्याने प्रामाणिकपणे चौकशी केली असेल, तर पुढे त्या पैशाचे काय झाले याची जबाबदारी मात्र त्याच्यावर येत नाही.

या सूत्रात ओझे कोणावर ठेवले आहे ते पाहा. मुलावर नाही. पालकावर आहे आणि पालकाशी व्यवहार करून फायदा मिळवू पाहणाऱ्या सावकारावर आहे. जो मिळकतीला हात लावू पाहतो त्यानेच जपून पाऊल टाकावे, असा हा न्याय आहे. माझ्या मते अज्ञानाच्या संरक्षणाचा हाच योग्य नमुना. पुढचे सगळे विवेचन मी याच कसोटीवर घासून पाहणार आहे.

आता कुळाच्या बाजूला येऊ. १८५९ च्या दहाव्या कायद्याने बंगाल इलाख्यात, म्हणजे बिहारमध्येही, एक मोठी गोष्ट केली. जी रयत एकच जमीन सलग बारा वर्षे कसत आली आहे, तिला त्या जमिनीवर कायम वहिवाटीचा हक्क मिळाला. तिला मनमानीने हुसकता येत नव्हते आणि खंड वाढवायचा तर कायद्यात दिलेले कारण दाखवावे लागत होते. कागदावर हे भक्कम दिसते. व्यवहारात त्याला दोन भगदाडे होती. हक्क विशिष्ट शेताला जोडलेला असल्याने अकराव्या वर्षी रयतेला एका शेतातून उठवून दुसऱ्यात बसवले की बारा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. दुसरे भगदाड पुराव्याचे. बिहारमध्ये गावाचा कागद पटवाऱ्याकडे आणि पटवारी जमीनदाराच्या हाताखाली. खंडाची पावती मिळत नसे. मग बारा वर्षे सिद्ध करायची कशी?

हा कायदा होऊन जेमतेम वर्ष झाले असेल. १८६० साली उत्तर बिहारमधल्या दरभंगा राजचे महाराजा महेश्वर सिंह वारले. थोरला मुलगा लक्ष्मेश्वर सिंह तेव्हा दोन वर्षांचा. रामेश्वर सिंह त्याहून धाकटा. देशातल्या सर्वांत मोठ्या जमीनदाऱ्यांपैकी ही एक. ती कर्जात रुतलेली होती. ती कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यात गेली आणि १८७९ पर्यंत, म्हणजे १९ वर्षे तिथेच राहिली.

या १९ वर्षांत सरकारच्या अंगावर दोन झगे होते. एका हाताने त्याने रयतेला वहिवाटीचा हक्क दिला होता. दुसऱ्या हाताने तेच सरकार, एका मुलाच्या नावाने, हजारो रयतांचे जमीनदार बनले होते. मुलाचे पालक म्हणून त्याचे कर्तव्य कोणते? कर्ज फेडणे, उत्पन्न वाढवणे, मुलगा सज्ञान होईल तेव्हा भरलेली तिजोरी त्याच्या हाती देणे. उत्पन्न वाढणार कशातून? खंडातून. आणि खंड भरणार कोण? ज्या रयतेच्या रक्षणासाठी कायदा केला तीच. पालकाचे कर्तव्य जितके चोख, तितका कुळावरचा भार जड, असा हा पेच होता.

त्या भागात ठिकेदारीची पद्धत रुळलेली होती. गावाची वसुली ठरावीक रकमेवर, ठरावीक मुदतीसाठी ठिकेदाराला द्यायची. अनेक ठिकाणी हा ठिकेदार म्हणजे निळीचा गोरा मळेवाला असे. मुदत संपली की गाव आपल्या हातात राहील याची त्याला खात्री नसे, त्यामुळे मुदतीत जेवढे काढता येईल तेवढे काढण्याकडे त्याचा कल. सरकारी मॅनेजरच्या हिशेबात हप्ता वेळेवर जमा होई, खाते स्वच्छ दिसे. त्या स्वच्छ खात्यामागे गावात काय चालले आहे, हे मात्र हिशेबाच्या वहीत उतरत नसे.

मुलांच्या वाट्यालाही या पालकत्वातून बरेच काही आले. आई आणि नातलग यांच्या देखरेखीतून काढून त्यांना इंग्रजी शिक्षकांच्या हाताखाली दिले गेले. पुढे राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे पहिले प्रिन्सिपॉल झालेले चेस्टर मॅक्नॉटन हे लक्ष्मेश्वर सिंहांचे शिक्षक होते. कलकत्त्यात तर बंगालमधल्या अशा अज्ञान जमीनदारांसाठी १८५६ पासून वॉर्ड्स इन्स्टिट्यूशन नावाची स्वतंत्र शाळाच होती. थोर संशोधक राजेंद्रलाल मित्र तिचे संचालक होते. मुलांना भाषा, गणित, घोडेस्वारी, कारभार सारे शिकवले जाई. आपल्या इस्टेटीतल्या रयतेचा हक्क काय आहे, हे त्यांना कितपत शिकवले गेले असेल, ते त्यांच्या पुढच्या वागण्यावरून ठरवावे लागते.

१८७३-७४ मध्ये बिहारवर दुष्काळ आला. मदतकार्याचे नेतृत्व सर रिचर्ड टेंपल यांच्याकडे होते. हेच टेंपल पुढे १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. दरभंग्यापर्यंत धान्य पोचवण्यासाठी १८७४ मध्ये घाईने रेल्वेमार्ग टाकला गेला. सरकारने सढळ हाताने खर्च केला आणि माणसे वाचली. पण या दुष्काळाने एक गोष्ट उघडी पाडली. देशातल्या सुपीक प्रदेशांत गणल्या जाणाऱ्या या मुलखात एक पाऊस चुकताच रयत कोलमडते, याचा अर्थ तिच्या घरात शिल्लक काहीच राहत नाही. त्या मदतकार्यात काम केलेले अँटनी मॅकडॉनेल नावाचे आयरिश सनदी अधिकारी हा अनुभव विसरले नाहीत. त्यांनी १८७६ मध्ये दुष्काळनिवारणावर ग्रंथ लिहिला, पुढे कूळकायद्याचा जोरदार पाठपुरावा केला आणि १८९० च्या दशकात जमीनदारांचा विरोध पत्करून उत्तर बिहारची मोजणी आणि हक्कनोंदणी पुढे रेटली. नंतर आयर्लंडमध्ये परतून त्यांनी तिथल्या १९०३ च्या जमीन कायद्यासाठीही काम केले.

२५ सप्टेंबर १८७९ रोजी, वयाची २१ वर्षे पूर्ण होताच लक्ष्मेश्वर सिंहांच्या हाती इस्टेट आली. कर्ज फिटले होते, उत्पन्न वाढले होते. मुलाची मिळकत राखणे एवढेच मोजमाप लावले तर हे पालकत्व पूर्ण यशस्वी झाले. १८८३ मध्ये बंगालच्या कूळकायद्याचे विधेयक व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मांडले गेले. त्याच वर्षी महाराजा कौन्सिलचे सभासद झाले आणि विधेयकाला विरोध करणाऱ्या जमीनदारांचे ते प्रमुख प्रवक्ते ठरले.

त्यांना मी खलनायक म्हणून उभे करणार नाही. ते उदार होते. राष्ट्रीय सभेच्या सुरुवातीच्या मोठ्या आश्रयदात्यांत त्यांचे नाव आहे. अलाहाबादेत अधिवेशनाला जागा मिळू नये म्हणून अडथळे आले, तेव्हा त्यांनी लाउदर कॅसल विकत घेऊन काँग्रेसला जागा मिळवून दिली. पण १९ वर्षे सरकारने वाढवलेल्या मुलाला सरकारनेच एक शिकवण दिली होती. इस्टेट म्हणजे खंडाची आवक, तिला कुळाचा हक्क लागला की ती कमी होते. त्या शिकवणीप्रमाणे ते वागले. दोष माणसाचा कमी, पालकत्वाच्या साच्याचा अधिक.

१८८५ चा आठवा कायदा अखेर झाला. शेत बदलून बारा वर्षे मोडण्याची वाट त्याने बंद केली. त्याच गावात कोणतीही जमीन बारा वर्षे धारण करणारा स्थायी रयत ठरला. परस्पर करारानेही खंड रुपयामागे दोन आण्यांहून जास्त वाढवता येणार नव्हता. एकदा वाढवला की पुन्हा १५ वर्षे हात लावायचा नव्हता. खंडाची पावती देणे सक्तीचे झाले आणि हक्कनोंदणीची सोय झाली. वहिवाटीचा हक्क वारसाकडे जाईल, हेही कायद्याने सांगितले.

या शेवटच्या तरतुदीपाशी मी थोडा थांबतो. रयतही मरते. तिच्याही मागे अज्ञान मुले राहतात. त्यांचा वहिवाटीचा हक्क ही त्यांची मिळकतच. पण त्या मुलांसाठी कोणता कलेक्टर धावला? कोणता मॅनेजर नेमला गेला? अज्ञानांचे कायदे शब्दाने सर्वांसाठी होते. तरी कोर्टात अर्ज, वकील, पालकाची नेमणूक, दरवर्षीचा हिशेब हा सारा खटाटोप दोन बिघे कसणाऱ्याच्या विधवेला झेपणारा नव्हता. चुलत्याने किंवा जमीनदाराच्या माणसाने शेत ओढून घेतले की तिची मुले मजूर होत. दरभंग्याच्या एका मुलामागे सारे महसूल खाते उभे होते. त्याच इस्टेटीतल्या हजारो पोरक्या मुलांमागे कोणी नव्हते. अज्ञानांचे रक्षण हे तत्त्व खरे असेल, तर ते दोन्ही घरांतल्या मुलांना सारखेच लागू व्हायला हवे होते.

चंपारण आपल्याला गांधीजींमुळे माहीत आहे. तिथली बेतिया राजची इस्टेटही १८९७ पासून कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे होती. मालकीण महाराणी जानकी कुंवर अज्ञान नव्हत्या, पण स्त्री म्हणून कारभाराला असमर्थ ठरवल्या गेल्या होत्या. म्हणजे १९१७ मध्ये गांधीजी तिथे पोचले, तेव्हा त्या प्रचंड इस्टेटीचा जमीनदार प्रत्यक्षात सरकारच होते. मोठा भाग निळीच्या कोठ्यांना पट्ट्याने दिलेला होता. रयतेला नीळ पिकवण्याच्या सक्तीतून मोकळे करण्याच्या मोबदल्यात कोठ्यांनी खंड वाढवून घेतले होते. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने ही वाढ २० ते २६ टक्क्यांनी कमी करायला लावली आणि १९१८ च्या कायद्याने निळीच्या सक्तीची तीनकठिया पद्धत रद्द झाली. असमर्थ मालकिणीचे रक्षण करणाऱ्या व्यवस्थेला आपल्या रयतेचे रक्षण करण्यासाठी बाहेरून धक्का द्यावा लागला, हा चंपारणचा कमी बोलला जाणारा धडा आहे.

आता आपल्या घरी येऊ. मुंबई इलाख्यात कुळांचा प्रश्न कोकणात सर्वांत तीव्र होता. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये संप सुरू केला, तो कित्येक वर्षे चालला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. या रेट्यातून १९३९ चा कूळकायदा आला. १ जानेवारी १९३८ च्या आधी सलग सहा वर्षे जमीन कसणारा संरक्षित कूळ ठरला. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा व्यापक कायदा झाला. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी कूळ कायद्यानेच जमिनीचे खरेदीदार मानले गेले.

या कायद्यात जुन्या पालकत्वाची सावली स्पष्ट दिसते. कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या किंवा पालक म्हणून नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या व्यवस्थेखालची जमीन, ती व्यवस्था चालू असेपर्यंत, बहुतेक तरतुदींतून वगळली गेली. नोकर किंवा मजूर लावून कसलेली जमीनही विधवा आणि अज्ञान मालकाच्या बाबतीत स्वतः कसलेली मानली गेली. मुख्य तरतूद पुढची. मालक अज्ञान असेल तर सज्ञान झाल्यापासून एक वर्षाच्या आत त्याला स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागता येईल. कलम ३२-एफ सांगते की तोवर कुळाची खरेदीही थांबेल. मालकाची मुदत संपल्यावर एक वर्षाच्या आत कुळाने खरेदीची इच्छा कळवली तरच त्याचा हक्क टिकेल.

ही तरतूद एका शेतात उतरवून पाहू. १९५७ साली मालक बारा वर्षांचा आहे. सातबारावर त्याच्या नावापुढे अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता आई, अशी नोंद आहे. शेजारच्या गटातले कूळ १ एप्रिलला मालक झाले, कलम ३२-ग खाली खरेदीची चौकशी झाली, किंमत ठरली, हप्ते सुरू झाले. आपले कूळ तिथेच थांबले. मालक आईबरोबर शहरात राहतो. तो अठरा वर्षांचा कधी झाला? कुळाला त्याची जन्मतारीख माहीत नाही, शाळेचा दाखला त्याच्यापाशी नाही. मालक सज्ञान होऊन एक वर्ष गेले, पुढचेही एक वर्ष गेले आणि कुळाने कळवले नाही म्हणून त्याचा खरेदीचा हक्क संपला. पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरलेला माणूस, दुसऱ्याचा वाढदिवस ठाऊक नाही म्हणून जमीन गमावतो. कायद्याचा हेतू हा नव्हता. परिणाम मात्र हाच झाला.

विधिमंडळाला ही चूक उमगली. १९६९ च्या दुरुस्तीने अज्ञान मालकावर जबाबदारी टाकली, की सज्ञान झाल्याचे त्याने कुळाला कळवावे. आधीच मुदत हुकलेल्या आणि ताबा असलेल्या कुळांना दोन वर्षांची नवी संधीही दिली. पण विधवा मालकिणीच्या बाबतीत, जिथे कुळाची खरेदी ती हयात असेपर्यंत थांबे, अशी स्पष्ट तरतूद झाली नाही. ती वारल्याचे कुळाला कळो न कळो, मुदत धावतच राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९ च्या आप्पा नरसाप्पा मगदूम प्रकरणातही, वेळेत न कळवणे कुळाच्या अंगाशी आले. अखेर २०१९ मध्ये वसंत गणपत पडवे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की विधवेच्या वारसानेही कुळाला कळवले पाहिजे. १९५६ ची दुरुस्ती आणि हा निकाल यांच्यामध्ये ६३ वर्षे गेली. तोवर अनेक कुळे आणि त्यांचे वकीलही या जगातून गेले होते.

१८५६ च्या हनुमानप्रसाद निकालाचे सूत्र आणि २०१९ चा निकाल शेजारी ठेवा. जो फायदा घेणार त्याने चौकशी करावी, ज्याच्याकडे माहिती आहे त्याने ती सांगावी. सूत्र एकच आहे. सावकाराच्या बाबतीत न्यायालयाने ते एकोणिसाव्या शतकातच ओळखले. कुळाच्या बाबतीत ओळखायला एकविसावे उजाडले. उशिराचे कारण कायद्याच्या बुद्धीत नाही, नजरेत आहे. मालकाचे मूल डोळ्यांसमोर होते, कुळाचे मूल नव्हते.

श्रोतेहो, अज्ञान मालकाच्या संरक्षणाला माझा विरोध नाही. बाप नसलेल्या मुलाची जमीन लुबाडणारा समाज टिकत नाही. पण ते संरक्षण पालकाला लगाम घालून करावे, हिशेब मागून करावे, विक्री आणि गहाण रोखून करावे, मुलाला योग्य मोबदला मिळेल आणि तो त्याच्या नावे सुरक्षित राहील हे पाहून करावे. कुळाचा हक्क अनिश्चित काळ टांगता ठेवून ते करू नये. मुलाला जमिनीचा ताबाच मिळाला पाहिजे असे नाही. त्याचे मोल बुडता कामा नये, एवढे राज्याने पाहिले तर त्याचे कर्तव्य पुरे होते. ठरावीक तारखेला कुळाला जमीन आणि मुलाच्या नावाने किंमत ठेव म्हणून बँकेत, अशी वाट १९५७ मध्येही मोकळी होती. ती धरली असती तर दोन्ही घरांतली मुले सांभाळली गेली असती.

आज करण्यासारखी दोन कामे सांगून थांबतो. अनेक सातबारांवर अ.पा.क. च्या नोंदी अजून तशाच आहेत. ज्यांच्या नावापुढे त्या आहेत ती माणसे कधीच म्हातारी झाली. तलाठी आणि तहसीलदारांनी मोहीम काढून या नोंदी तपासाव्यात आणि जिथे कूळ लागलेले आहे तिथे त्याला लेखी कळवावे. दुसरे काम तरुण अभ्यासकांसाठी. पुण्या-मुंबईच्या पुराभिलेखागारांत जा आणि अज्ञानांच्या इस्टेटी ज्यांच्या हाती होत्या त्या कलेक्टरांच्या कारभाराचे कागद वाचा. मुलाच्या नावे किती जमले हे त्यात सापडेल. ते कोणाकडून जमले, हे तुम्ही शोधा आणि लिहा. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत त्यांचे अर्धे राहिलेले काम तेच आहे.